धरले, पण सोडणार कोण? : डिस्क ब्रेकच्या इतिहासातील एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका शाळेत पास्कलच्या नियमावर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. फळ्यावर नेहमीची आकृती काढली. एका बाजूला अरुंद नळकांडे, दुसऱ्या बाजूला रुंद नळकांडे, दोन्ही द्रवाने भरलेली आणि खालून नळीने जोडलेली. अरुंद नळकांड्यातला दट्ट्या दाबला की रुंद नळकांड्यातला दट्ट्या कितीतरी अधिक जोराने वर येतो. उदाहरण म्हणून मोटारीचा ब्रेक सांगितला. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलमधून दाब चाकापर्यंत पोचतो आणि चाक धरले जाते. तास चांगला झाला असे वाटून आम्ही खडू खाली ठेवत होतो, तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, "पाय काढल्यावर चाकातला दट्ट्या मागे कोण ओढतं?"

आम्ही क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "स्प्रिंग असते." मुलगी खाली बसली. उत्तर चुकीचे होते, निदान आम्ही ज्या ब्रेकचे वर्णन केले होते त्याच्या बाबतीत तरी चुकीचे होते. हे आम्हांला कळले ते पुढच्या पावसाळ्यानंतर, एका मिस्त्रींच्या शेडमध्ये, आमच्याच मोटारीचे पुढचे चाक उघडलेले असताना. त्या मुलीचा प्रश्न किती महत्त्वाचा होता आणि तो सोडवण्यासाठी अभियंत्यांची किती वर्षे गेली, हे सांगण्यासाठी हा लेख. आकृतीतला बाण नेहमी दाबणारा असतो. सोडणारा बाण आपण काढतच नाही.

घाट चढताना आलेला वास

गुहागरजवळच्या घरी आमची मोटार तो सबंध पावसाळा अंगणात उभी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर. पाऊस ओसरल्यावर आम्ही ती घेऊन चिपळूणमार्गे कुंभार्ली घाटाने निघालो. गाडी सुरू झाली, ब्रेकही उत्तम लागत होते. घाट चढून आल्यावर मात्र काहीतरी तापल्याचा उग्र वास येऊ लागला. शिवाय सुकाणू सैल सोडले की गाडी डावीकडे ओढ घेत होती.

घाट उतरताना ब्रेक तापतात हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही तर घाट चढून आलो होतो आणि ब्रेकला फारसा पायही लावला नव्हता. मग कशाने काय तापले? पाटणला एका वयस्क मिस्त्रींच्या शेडपाशी गाडी थांबवली. त्यांनी हात न लावता, तळहात वीतभर अंतरावर धरून चारही चाकांपाशी क्रमाने नेला. डाव्या पुढच्या चाकापाशी हात मागे घेतला आणि म्हणाले, "साहेब, कॅलिपर धरून बसलाय. सोडत नाहीये."

कॅलिपर हा शब्द शिक्षकांना प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरमुळे परिचयाचा आहे. तिथे दोन जबड्यांमध्ये वस्तू पकडून तिची जाडी मोजतात. मोटारीच्या कॅलिपरलाही असेच दोन जबडे असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, म्हणजेच डिस्क, या जबड्यांच्या मधून फिरत असते. प्रत्येक जबड्यात घर्षण करणारा एक पॅड असतो. पेडल दाबले की दट्ट्या पॅडला चकतीवर दाबतो. स्वयंपाकघरातली सांडशी पातेल्याचा काठ जशी दोन्ही बाजूंनी धरते, तशीच ही पकड. फरक इतकाच, की सांडशी आपण हाताने उघडतो.

तांब्याच्या किंकाळीपासून सुरुवात

चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. हाच लँचेस्टर पुढे विमानाच्या पंखावरील उद्धरणाच्या सिद्धांतासाठीही नावाजला गेला. त्याच्या ब्रेकमध्ये धातूच्या चकतीला तांब्याचे तुकडे घासत. धातूवर धातू घासल्याने भयंकर किंचाळणारा आवाज होई आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे लवकर झिजे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रम ब्रेकला त्याचे परिचित रूप दिले. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमच्या आतून दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेर फाकतात आणि ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर घासतात. पुढची पन्नास वर्षे मोटारींवर ड्रमचेच राज्य होते.

घासण्यासाठी कोणता पदार्थ वापरायचा, या प्रश्नावर इंग्लंडच्या डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड याने १८९७पासून काम केले. आपल्या आडनावात पत्नीच्या नावाचे आद्याक्षर मिसळून, अक्षरे उलटसुलट करून त्याने आपल्या मालाला 'फेरोडो' हे नाव दिले. १९०८च्या सुमारास ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस आले. उष्णता सोसण्यात ते फार चांगले ठरले आणि अनेक दशके वापरात राहिले. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर देशोदेशी त्यावर बंदी आली. ब्रिटनने ती १९९९मध्ये पूर्ण केली. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकून उडवू नये असे आजही सांगतात ते यामुळेच.

दाब चाकापर्यंत नेण्याचा प्रश्न सुटला तो पास्कलच्या नियमाने. ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. मोटारीत त्याचा उपयोग व्हायला मात्र अडीचशे वर्षे लागली. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने १९१७मध्ये द्रवचालित ब्रेकचे पेटंट मिळवले आणि १९२१च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसवले गेले. तोपर्यंत तारा आणि दांडे यांच्या साहाय्याने ब्रेक ओढले जात. चारही चाकांच्या तारा सारख्या ताणाच्या ठेवणे हे रोजचे दुखणे होते. द्रवामुळे ते संपले, कारण द्रवातला दाब सर्व चाकांना आपोआप सारखा पोचतो.

थोडा हिशेब करू. पेडलवर २०० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतके. पेडलच्या तरफेमुळे ते चौपट, म्हणजे ८०० न्यूटन होते. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर आणि चाकाजवळच्या दट्ट्याचा ५० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर ६.२५ येते. म्हणून पॅडवरचे बल ५,००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या वजनाइतके होईल. बहुतेक मोटारींत इंजिनाच्या निर्वाताची मदत घेऊन ते आणखी वाढवतात. हा ५,००० न्यूटनचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

ड्रम ब्रेकमध्ये पाय काढल्यावर शूंना मागे ओढण्यासाठी मजबूत स्प्रिंगा असतात. त्या मुलीला आम्ही जे उत्तर दिले ते ड्रमचे होते. ॲम्बॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांच्या चारही चाकांना वर्षानुवर्षे ड्रम ब्रेकच असत. त्यांच्या सहवासात वाढलेल्या आमच्या पिढीच्या डोक्यात ती स्प्रिंग पक्की बसलेली आहे.

ड्रमची मर्यादा

ब्रेकचे काम म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे. १,००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल होते. पाऊण लिटरहून थोडे कमी पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला इतकी ऊर्जा पुरते. घाटात तर स्थितिज ऊर्जाही उष्णतेत जाते. हीच गाडी ६०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या जोरावर उतरली, तर सुमारे ५९ लाख ज्यूल उष्णता निर्माण होईल. २० लिटर पाणी तेवढेच तापवायला लागते तितकी ही उष्णता आहे. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा असे जुने चालक बजावतात, त्यामागे हाच हिशेब आहे. त्यामुळे बराच भार इंजिन उचलते.

ड्रम हा बंद डबा असल्याने ही उष्णता आत कोंडते. तापल्यावर ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर जातो. अस्तराचे घर्षणही कमी होते. पेडल दाबूनही गाडी थांबेना, असा अनुभव यातून येतो. चकती मात्र उघड्या हवेत फिरते आणि तापली की जाड होऊन पॅडकडेच सरकते. विमानाचे चाक लहान, वजन मोठे आणि उतरण्याचा वेग प्रचंड असल्यामुळे विमानांसाठी डिस्क ब्रेकचा विकास आधी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे ज्ञान मोटारींकडे आले.

१९५२मध्ये जॅग्वार कंपनीने डनलॉपने बनवलेले डिस्क ब्रेक आपल्या शर्यतीच्या गाडीला लावून पाहिले. जून १९५३मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी अशाच ब्रेकच्या जॅग्वारने बाजी मारली. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होता. त्या शर्यतीत ताशी १०० मैलांपेक्षा अधिक सरासरी प्रथमच गाठली गेली. या मार्गावर सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता असून त्याच्या अखेरीस एकदम काटकोनी वळण होते. प्रत्येक फेरीत तिथे गाडीचा वेग अगदी कमी करावा लागे. फेऱ्यामागून फेऱ्या होत तसे ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक थकत. जॅग्वारचे चालक मात्र शेवटच्या तासातही वळणाच्या अगदी जवळ येऊन ब्रेक लावू शकत होते. १९५५मध्ये सित्रोएन कंपनीच्या डीएस या मोटारीला आणि १९५६मध्ये ट्रायम्फच्या टीआर-३ या मोटारीला पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक मिळाले. त्यानंतर ते सामान्य ग्राहकापर्यंत पसरत गेले.

इतिहास बहुधा इथेच संपवतात. त्याआधीची एक फसलेली गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

क्रॉस्ले मोटारीची गोष्ट

जॅग्वारच्या विजयापूर्वी चार वर्षे, १९४९ साली, अमेरिकेतील क्रॉस्ले या छोट्या मोटार कंपनीने चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या गाड्या विकायला काढल्या होत्या. कंपनीचा मालक पॉवेल क्रॉस्ले हा रेडिओ संच आणि घरगुती शीतकपाटे बनवून नाव मिळवलेला उद्योजक. त्याच्या गाडीचे ब्रेक विमानांच्या ब्रेकवरून तयार केलेले होते. गाडी थांबवण्यात ते उत्तम होते. कल्पना योग्य होती आणि काळाच्या पुढे होती.

गाड्या अमेरिकेच्या उत्तर भागात गेल्या आणि हिवाळा आला. तिथे रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. बर्फाचे खारे पाणी चाकांवर उडू लागले. या ब्रेकला गंजापासून पुरेसे संरक्षण नव्हते. कॅलिपरचे भाग गंजून आत जखडले, ब्रेक धरून बसू लागले. १९५०मध्ये क्रॉस्लेने डिस्क ब्रेक काढून टाकले आणि पुन्हा ड्रम बसवले. काळाच्या पुढची कल्पना रस्त्यावरच्या मिठाने हरवली.

असे का झाले याचा विचार केला तर त्या मुलीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. विमान उतरताना ब्रेक काही सेकंद लागतो. मग विमान थांबते, ब्रेक निवतो, माणसे येऊन त्याची तपासणी करतात. मोटारीला एका दिवसात शेकडो वेळा ब्रेक लावावा आणि तितक्याच वेळा सोडावा लागतो, तोही चिखलात, पाण्यात आणि महिनोन्‌महिने कोणी न बघता. विमानाच्या ब्रेककडून मोटारीने धरण्याची कला घेतली. सोडण्याची कला तिची तिलाच शिकावी लागली.

मागे सरकण्याच्या दोन युक्त्या

डिस्क ब्रेकमध्ये ड्रमसारखी जोरदार स्प्रिंग का लावत नाहीत? कारण पॅड जास्त मागे गेला तर पुढच्या वेळी पेडल खोलवर दाबावे लागेल. चाकाजवळचा दट्ट्या १ मिलिमीटर पुढे यायचा तर वरील हिशेबानुसार मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ६.२५ मिलिमीटर सरकायला हवा, आणि एका पेडलवर अशी चार चाके असतात. म्हणून पॅड चकतीपासून सुटला पाहिजे, पण मिलिमीटरच्या लहानशा अंशापेक्षा अधिक दूर जाता कामा नये. त्यात पॅड रोज थोडाथोडा झिजतो. म्हणजे मागे येण्याची जागाही रोज पुढे सरकत गेली पाहिजे. कोडे वाटते तेवढे सोपे नाही.

डनलॉपच्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये यासाठी दट्ट्याच्या आत एक बारीक खिळा आणि त्यावर घट्ट बसणारी एक बाही असे. पाय काढल्यावर ही जोडी दट्ट्याला साधारण ०.२ ते ०.२५ मिलिमीटर मागे घेई. पॅड झिजला की बाही खिळ्यावरून पुढे घसरून नव्या जागी घट्ट बसे. ही योजना चतुर होती, पण भाग पुष्कळ होते.

पुढे रूढ झालेली युक्ती इतकी साधी आहे की ती पाहून हसू यावे. दट्ट्याभोवती तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराचे कडे बसवावेच लागते. हे कडे चौकोनी छेदाचे घ्यायचे आणि त्याची खाच नेमक्या आकाराची ठेवायची. दाब आला की दट्ट्या पुढे सरकतो आणि त्याला चिकटलेले रबर त्याच्याबरोबर थोडे वाकते. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकाराला येते आणि येताना दट्ट्याला मागे ओढते. पॅड झिजलेला असला, तर दट्ट्या रबराच्या वाकण्याच्या मर्यादेपलीकडे जातो, रबरावरून घसरतो आणि पुढच्या जागेवरून मागे येतो. तेल अडवणे, दट्ट्या मागे घेणे आणि झिजेची भरपाई करणे ही तीन कामे एक रबरी कडे करते.

हे वर्गात दाखवायला खोडरबर पुरे. खोडरबर टेबलावर दाबून ठेवावे आणि त्याच्या माथ्यावर बोट ठेवून हलकेच पुढे रेटावे. खोडरबर वाकते, बोट सोडले की सरळ होते. जोराने रेटले की बोट त्यावरून घसरून पुढे जाते आणि तिथून पुन्हा थोडेसेच मागे येते. कॅलिपरमध्ये हेच चालते.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकता कॅलिपर पसरू लागला. यात दट्ट्या फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड चकतीवर दाबतो आणि प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर उलट दिशेला सरकून बाहेरचा पॅड दाबतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे सुंदर उदाहरण आहे. भाग कमी झाले, किंमत उतरली. पण आता दट्ट्याबरोबर कॅलिपरच्या दोन सरकत्या पिनाही मोकळ्या राहायला हव्यात, ही नवी अट आली. जखडायला आणखी एक जागा मिळाली.

पाटणच्या शेडमधली तपासणी

आता मिस्त्रींकडे परत जाऊ. "धरून बसलाय" एवढे निदान पुरेसे नव्हते. का धरून बसला? कारणे दोन प्रकारची असू शकतात. एक तर नळीत दाब अडकून राहिला असेल, म्हणजे दट्ट्या मोकळा असूनही दाबलेला असेल. किंवा दाब गेला असेल, पण दट्ट्या अथवा पिना गंजून अडकल्या असतील. दोन्हींचे लक्षण एकच, उपाय मात्र निरनिराळे.

मिस्त्रींनी गाडी सपाट जागी घेऊन मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली भक्कम ठोकळा दिला आणि चाक हाताने फिरवून पाहिले. ते फिरेना. मग कॅलिपरवरची हवा काढण्याची निपल पान्याने किंचित सैल केली. थेंबभर तेल बाहेर आले. चाक पुन्हा फिरवले. तरीही ते फिरेना. "दाब नाही, आतच अडकलाय," ते म्हणाले. निपल सैल केल्यावर चाक सुटले असते, तर दोष अडकलेल्या दाबाचा ठरला असता. मग वरचा जोड सैल करून तो रबरी होसमध्ये आहे की मास्टर सिलिंडरमध्ये, हे पाहावे लागले असते. जुना होस आतून सुजला तर पेडलच्या जोराने तेल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. एका कृतीने शक्यतांचे दोन गट करायचे आणि एक गट बाद करायचा, ही प्रयोगशाळेतली शिस्त मिस्त्री पान्याच्या अर्ध्या फेऱ्यात पाळत होते.

कॅलिपर उतरवला. पिना हाताने सरकत होत्या. दट्ट्याच्या तोंडावरचे धूळ अडवणारे रबरी टोपण एका जागी फाटले होते. त्यातून पाणी आणि खारी हवा आत गेली होती. दट्ट्या बाहेर काढून पुसल्यावर त्यावर तपकिरी ठिपके दिसले. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवले आणि आम्हांलाही फिरवायला सांगितले. नख अडत होते.

आम्ही म्हटले, "रबराचं किट बदलून भागेल ना?" नवा कॅलिपर कराडहून मागवावा लागणार होता, मुक्काम पडणार होता, खर्चही बराच होता. मिस्त्री म्हणाले, "किट टाकून देतो साहेब, आज गाडी जाईल. पण खड्डा पडलाय त्यावर नवं रबर किती दिवस टिकणार? तुम्ही परत घाट उतरणार का नाही?"

तिथे त्या ५,००० न्यूटनची आठवण झाली. ब्रेक लावताना दट्ट्यामागे हजारो न्यूटनचे बल असते. गंजाचे थोडेसे घर्षण त्यापुढे कस्पटासमान. म्हणून आमचे ब्रेक उत्तम लागत होते आणि आम्हांला शंकाही आली नव्हती. सोडताना मात्र जोर असतो तो केवळ वाकलेल्या रबराचा. तेवढ्या जोराला गंज पुरून उरतो. म्हणजे कॅलिपर बिघडू लागला की तो बहुधा प्रथम सोडण्यात बिघडतो आणि लावण्यात शाबूत दिसतो. चालक तर ब्रेकची परीक्षा लावूनच घेतो.

सतत घासणारा पॅड किती उष्णता देईल? चाकावर ६० न्यूटन, म्हणजे सहा किलोग्रॅम वजनाइतकाच विरोध धरला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाला १,००० वॅट होतात. चाकात एक विजेची शेगडी सारखी पेटलेली. त्या उष्णतेने रबर कडक होते, त्याचा मागे ओढण्याचा जोर आणखी कमी होतो आणि पॅड आणखी घासतो. शिवाय नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे. ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. अशा वेळी गाडी घाट चढत असेल तर ती थांबवता येते. आम्ही त्या दिवशी उलट दिशेने, घाट उतरत असतो तर काय झाले असते, याचा विचार शेडमधल्या बाकावर बसून केला आणि कराडला निरोप पाठवायला सांगितले.

नवा कॅलिपर बसवताना

दुसऱ्या दिवशी काम झाले. त्यातल्या चार गोष्टी शिकण्यासारख्या वाटल्या. पहिली, उतरवलेला कॅलिपर मिस्त्रींनी होसवर लोंबकळू दिला नव्हता, तारेने टांगून ठेवला होता. वजनाने होस आतून फाटू शकतो. दुसरी, होसच्या जोडाच्या तांब्याच्या चकत्या नव्या घातल्या. तांबे मऊ असल्याने एकदा दाबले की त्या जागेचा आकार घेते आणि दुसऱ्यांदा तसे घट्ट बसत नाही. तिसरी, पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे बदलले, कारण डावे-उजवे घर्षण वेगळे झाले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाते.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत आवडली. डाव्या आणि उजव्या बाजूचे कॅलिपर दिसायला सारखेच, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. चुकून अदलाबदल झाली तरी पुष्कळदा ते बसतात. पण मग हवा काढण्याची निपल वर येण्याऐवजी खाली येते. हवा तेलापेक्षा हलकी, ती वरच साचून राहते आणि कितीही तेल काढले तरी पेडल मऊच लागते. मिस्त्रींनी निपल वर आहे याची खात्री केली. मग त्यांचा मदतनीस पेडल दाबून धरी, ते निपल सैल करून पुन्हा आवळत आणि त्यानंतरच तो पाय उचलत असे. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे चालले. शेवटी गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबून पाहिले, आणि फेरफटका मारून आल्यावर तळहात पुन्हा चारही चाकांपाशी फिरवला.

हे वाचून कोणी घरी कॅलिपर उघडावा असे आम्ही सुचवत नाही. ब्रेक हे शिकाऊ हातांनी प्रयोग करण्याचे ठिकाण नव्हे. पण लांबच्या प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापले आहे का, ब्रेक न लावता गाडी एका बाजूला ओढते का, एकाच चाकातले दोन पॅड कमीअधिक झिजले आहेत का, एवढे कोणालाही पाहता येते.

वर्गासाठी मात्र एक प्रयोग सुचवतो. सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, पाण्याने भरून बारीक नळीने जोडा. आत हवा राहू देऊ नका. लहान दाबा, मोठीचा दट्ट्या वर येईल. इथपर्यंत पास्कल. आता लहान पिचकारीवरचा अंगठा नुसता उचला आणि मुलांना पाहू द्या. मोठीचा दट्ट्या जिथल्या तिथे राहील. त्याला परत कसे आणायचे, हे मुलांनाच विचारा. कोणी रबरबँड लावेल, कोणी स्प्रिंग सुचवेल, कोणी लहान दट्ट्या मागे ओढून दाखवेल. ओढण्याची युक्ती गाडीत का चालत नाही, हाही पुढचा चांगला प्रश्न आहे. पेडल मागे येताना तेलाच्या टाकीचा मार्ग उघडतो. त्यामुळे नळीतला दाब वातावरणाच्या दाबाइतका होऊन थांबतो, त्याखाली जात नाही.

सायकल वापरणाऱ्या मुलांना हे लवकर कळेल. ब्रेकची तार गंजली की ब्रेक लागतो, पण सुटत नाही, हे त्यांनी पावसाळ्यात अनुभवलेले असते.

त्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ती मुलगी शाळा सोडून पुढे शिकायला गेली होती. तिच्या शिक्षकांजवळ आम्ही आमची चूक सांगितली आणि तो जुना, गंजाचे ठिपके पडलेला दट्ट्या व त्याचे चौकोनी रबरी कडे प्रयोगशाळेसाठी देऊन आलो. आता तिथे पास्कलच्या नियमाचा पाठ झाला की मुले त्या दट्ट्यावरून नख फिरवून पाहतात.